भाड्याचं घर घ्यायचं का? फ्लॅट बघायला निघण्याआधी दोघांनी बसून ठरवायच्या गोष्टी

लग्नानंतरचे पहिले दहा महिने आम्ही पुण्यात धनकवडीत सासरच्या वन बीएचकेमध्ये काढले. बेडरूम आई-बाबांची, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांची. दीर बारावीला, त्याचं टेबल हॉलच्या कोपऱ्यात. तो साडेअकराला पुस्तक मिटायचा, मग आम्ही सोफा उघडून गादी घालायचो. पहाटे साडेपाचला बाबा फिरायला निघायचे, त्याआधी गादी गुंडाळलेली असायची. कोणी कोणाला त्रास देत नव्हतं. उलट सगळे एकमेकांना इतके जपायचे की त्यानंच दमायला व्हायचं. मी आणि प्रसाद नीट बोलायचो ते स्कूटरवर. तो मला स्वारगेटला सोडायला यायचा, त्या पंधरा मिनिटांत.

त्याच स्कूटरवर एकदा मी म्हणाले, "भाड्यानं घर घेऊया का?" तो म्हणाला, "बघूया." आणि आम्ही बघायलाच लागलो, तेही मोबाईलवर. रोज रात्री वीस-वीस फ्लॅट. इथेच आमचं चुकलं. घर बघायला लागलं की मन खिडकीवर, ओट्यावर, बाल्कनीवर जाऊन बसतं, आणि मूळ प्रश्न राहूनच जातो: आपल्याला आत्ता घर घ्यायचंय का, आणि कशासाठी? दोन महिने असे वाया घालवल्यावर आम्ही ॲप काढून टाकलं आणि कागद घेऊन बसलो. तुम्ही लग्न झालेलं किंवा ठरलेलं जोडपं असाल आणि याच विचारात असाल, तर आमच्या हिशेबाचा तुम्हाला उपयोग होईल. गाव, पगार, माणसं तुमची घाला. रीत तीच राहील.

आधी कारण लिहा, वेगवेगळं

दोघांनी दोन कागद घ्या आणि एकमेकांना न दाखवता लिहा: घर का हवंय? एकच कारण, सगळ्यात मोठं.

मी लिहिलं होतं, "दार लावून झोपता यावं." प्रसादनं लिहिलं होतं, "हिंजवडी जवळ यावी." त्याचं ऑफिस तिकडे. कागद उलटल्यावर दोघंही थोडा वेळ गप्प होतो. दोन महिने आम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं वाटत होतं, आणि गोष्टी दोन होत्या.

कारण बदललं की घर बदलतं, म्हणून हे लिहून काढायचं. माझंच कारण धरलं असतं तर धनकवडीतच दोन गल्ल्या सोडून वन आरके पुरला असता. भाडं निम्म्यानं कमी, जेवायला आईंकडे. नुसतं प्रसादचं धरलं असतं तर हिंजवडीजवळचं वाकड, आणि मग माझं कल्याणीनगरचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही कारणं एकत्र ठेवल्यावर तिसरंच उत्तर आलं, त्याकडे पुढे येते.

कागदावर "भांडणं थांबावीत" असं आलं, तर तिथे थांबून नीट विचार करा. भांडण जागेवरून असेल, म्हणजे बाथरूमची रांग, टीव्हीचा आवाज, पाहुणे आले की झोपायचं कुठे, तर वेगळं घर ते मिटवतं. भांडण पैशावरून किंवा मानावरून असेल तर ते तुमच्याबरोबर टेम्पोत चढतं. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. घरखर्चाला कोण किती देतं यावरून वाद होता. ते दोघं वेगळे राहायला गेले आणि वाद फोनवर सुरू झाला, वर एकोणीस-वीस हजार भाडं. त्यांनी आधी तो आकडा सगळ्यांसमोर ठरवून घ्यायला हवा होता, घर नंतर.

भाड्याचा आकडा शेवटी येतो

बहुतेक जण भाड्यापासून सुरुवात करतात: "वीस हजारांपर्यंत परवडेल." कशावरून? आम्ही उलट्या बाजूनं गेलो.

हातात येणारा पगार माझा २७,००० आणि प्रसादचा ४६,०००. एकूण ७३,०००. यातून आधी जे हलणारच नाही ते बाजूला काढलं. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ५,२००, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, ५,०००, विमा महिन्याकाठी १,८००. आई-बाबांना आम्ही १२,००० देत होतो. वेगळं झाल्यावर तिथला आमच्या जेवणखाणाचा खर्च कमी होणार, म्हणून ८,००० देत राहायचं ठरवलं. ते बंद करायचा विचार आम्ही केला नाही. बाबांचं पेन्शन तुटपुंजं आहे आणि दिराचं शिक्षण बाकी होतं. उरले ५३,०००.

त्यातून दोघांचं घर: वाणसामान, दूध, भाजी ११,०००. लाईट, गॅस, इंटरनेट मिळून ३,०००. धुण्याभांड्याच्या मावशी १,५००. येण्याजाण्याचे ६,०००. आणि औषधं, आहेर, सणवार, माझं माहेरी वाईला आणि सगळ्यांचं मिळून गावी जाणं, यासाठी ५,०००. हे शेवटचं कलम लोक लिहीतच नाहीत, आणि महिना मोडतो तो तिथेच. उरले २६,५००. यातलं साडेसहा हजार काही झालं तरी शिल्लक राहिलं पाहिजे असं ठरवलं. म्हणून भाड्याची मर्यादा आली २०,०००, मेंटेनन्ससकट.

मग दुसरी परीक्षा. दोघांपैकी मोठा पगार उद्या थांबला तर? माझ्या २७,००० मध्ये भाडं, वाणसामान, लाईट-गॅस आणि माझा हप्ता मिळून ३९,००० च्या वर जात होतं. दरमहा बारा हजारांची तूट. तीन महिन्यांची तूट भरून निघेल एवढे, म्हणजे ३७,००० रुपये, लग्नाआधीच्या माझ्या बचतीतून एफडीत ठेवले आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. एवढी उशी नसेल तर घर घेऊ नका, आधी ती तयार करा. मी हे ठामपणे सांगते. तरुण जोडप्यांची भाड्याची घरं मोडतात ती भाडं जास्त म्हणून नाही, एक महिना चुकला की दुसरा सावरायला जागाच नसते म्हणून.

घर न घेता भाडं भरून बघा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आम्ही हिशेब केला: वेगळं राहिलो तर सध्याच्या खर्चावर नवा बोजा किती? भाडं २०,०००, स्वतःचं वाणसामान आणि लाईट-गॅस-मावशी मिळून १५,५००. त्यातून घरी कमी द्यायचे ४,००० वजा. म्हणजे ३१,५००. मग दर महिन्याच्या एक तारखेला एवढे पैसे एका वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. त्या खात्याचं कार्ड कपाटात. उरलेल्या पैशात महिना काढायचा. राहायचं धनकवडीतच, पण पैशानं वेगळं राहायचं.

पहिल्याच महिन्यात बावीस तारखेला आम्ही हरलो. माझ्या मामेभावाचं लग्न निघालं. आहेर, साडी आणि वाईला जाणं-येणं धरून ९,००० त्या खात्यातून काढावे लागले. वाईट वाटलं, पण बरं झालं. वर लिहिलेलं सणावाराचं ५,००० चं कलम त्याआधी २,००० चं होतं. ते लग्न आलं नसतं तर हा आकडा आम्हाला घरात राहायला गेल्यावर कळला असता.

दुसरा आणि तिसरा महिना जमला. जमला म्हणजे ओढाताण झाली नाही असं नाही. बाहेर खाणं आठवड्यातून तीनदाचं एकदावर आलं, प्रसादनं नवा फोन पुढे ढकलला. पण तो त्रास सहन होण्यासारखा आहे हे दोघांनाही समजलं. चौथा महिना आपोआप मिळाला, कारण मध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते होईपर्यंत हलायचं नाही असं आम्ही ठरवलं. चार महिन्यांत त्या खात्यात १,१७,००० जमले. घरात शिरायला लागणारे पैसे जवळजवळ तेवढेच होते.

दोन वेळा प्रयत्न करूनही तीन सलग महिने जमत नसतील, तर उत्तर मिळालं असं समजा: आत्ता नाही. आणि काही न गमावता मिळालं.

अंतर घड्याळानं मोजा

माझं ऑफिस कल्याणीनगरला, प्रसादचं हिंजवडी फेज वनला. पुण्यातल्या कितीतरी नवरा-बायकोंची हीच कथा आहे, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. नकाशावर मध्य काढला की शिवाजीनगर-औंध येतं, तिथलं भाडं आमच्या मर्यादेबाहेर. मग आम्ही मध्य शोधायचं सोडलं आणि "दोघांनाही एकेक सरळ रस्ता कुठून आहे" हे शोधलं. वनाज ते रामवाडी ही मेट्रो मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाली होती. तिच्यावर कल्याणीनगर स्टेशन आहे. आणि पौड रोडवरून प्रसादला चांदणी चौकातून बायपासला लागता येतं. म्हणून कोथरूड, त्यातही आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर स्टेशनपासून चालत जाता येईल असा पट्टा.

कागदावर हे छान दिसलं. तरी आम्ही तालीम केली. एका सोमवारी सकाळी दोघं मुद्दाम लवकर उठून आधी पौड रोडला आलो आणि तिथून आपापल्या ऑफिसला निघालो. मला दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटं लागली. प्रसादला चाळीस. तीच तालीम एका गुरुवारी संध्याकाळी परतीची केली, पाऊस होता, प्रसादला सव्वा तास लागला. आम्ही त्याचा रोजचा आकडा म्हणून सव्वा तासच धरला. जो आकडा पावसातला, तोच खरा. आणि तरीही धनकवडीहून नवले पुलावरून जाण्यापेक्षा ते बरं होतं.

मध्येच एक गोष्ट घडली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस स्वारगेटपर्यंतची मेट्रो सुरू झाली. म्हणजे आता मी सासरहूनही स्वारगेटला येऊन, जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलून कल्याणीनगरला जाऊ शकत होते. आमच्या एका कारणातला जोर कमी झाला. आम्ही कागद पुन्हा काढला, प्रामाणिकपणे. प्रसादचं अंतर आणि माझं दार ही दोन कारणं तशीच होती, म्हणून पुढे गेलो. पण परिस्थिती बदलली की कागद पुन्हा काढायचा, हे तेव्हापासून ठरून गेलं.

घरच्यांना कधी आणि कोणी सांगायचं

फ्लॅट बघण्याआधी सांगायचं. टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, दिल्यावर सांगितलं की ते सांगणं उरत नाही, ती सूचना होते. आणि ज्याचे आई-वडील, त्यानं तोंड उघडायचं. आमच्याकडे वाईला माझ्या आईला पहिली काळजी हीच होती: "सुनेनं घर फोडलं म्हणतील गं." प्रसादनं रविवारी जेवणं झाल्यावर स्वतः विषय काढला. "तिला हवंय" असं म्हणाला नाही. "मला रोजचे तीन तास रस्त्यावर घालवायचे नाहीत आणि आम्हाला दोघांना थोडी जागा हवीय" असं म्हणाला. दर महिन्याला किती देणार, कोणत्या रविवारी येणार, बाबांच्या डोळ्यांचं सगळं होईपर्यंत इथेच आहोत, हे आकड्यांसकट सांगितलं. मोठ्या माणसांना भीती असते ती पोरं सोडून जातायत याची. तारखा आणि आकडे त्या भीतीवर जेवढं काम करतात तेवढं आश्वासन करत नाही.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "कुकर कोणता नेणार? तीन लिटरचा ने, पाचाचा दोघांना मोठा होतो."

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "भाडं म्हणजे पाण्यात पैसे. त्यापेक्षा हप्ता भरा, घर तरी आपलं होईल." हे वाक्य बहुतेक मराठी घरांत ऐकायला मिळतं आणि त्याला उडवून लावू नये, उत्तर द्यावं. आम्ही त्यांच्यासमोर हिशेब मांडला. साठ लाखांचा फ्लॅट धरला. बँक ऐंशी टक्के देणार, म्हणजे ४८ लाख. आपले १२ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ४,२०,०००. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, ६०,००० वाचतात. वर नोंदणीचे ३०,०००. साधारण सोळा लाख हातात हवेत. ते नव्हते. हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४१,६०० च्या पुढे. आमच्याकडे उरत होते २६,५००. बाबांनी आकडे दोनदा वाचले, मग म्हणाले, "बरं. पण दरवर्षी हाच कागद मला दाखवायचा." दाखवतो.

ज्यांच्याकडे सुरुवातीची रक्कम तयार आहे, नोकरी आणि शहर पक्कं आहे, त्यांनी बाबांचं ऐकावं. तीन वर्षांत शहर बदलण्याची शक्यता असेल तर भाड्याचंच घर. मुद्रांक शुल्काचे पैसे परत मिळत नाहीत.

घर बघताना

आम्ही सात घरं बघितली. एजंट म्हणेल "आज टोकन द्या, संध्याकाळी जाईल." जाऊ दे. घर आणि मालक दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. "मी लष्करात आहे, बदलीवर आहे, आधी ॲडव्हान्स टाका म्हणजे गेटपास काढतो" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे.

प्रत्येक घर दोनदा बघा, एकदा सकाळी सात-साडेसातला. तेव्हा नळाला पाणी कसं येतं ते दिसतं. वॉचमनला विचारा, "टँकर किती दिवसांनी येतो?" मालकाला विचारलं तर "पाण्याचा प्रॉब्लेम नाही" असं ऐकायला मिळतं, वॉचमन वार सांगतो. कपाटामागची भिंत हातानं चाचपा, नवा रंग लावलेला एकच कोपरा असेल तर ओल असू शकते. बेडरूममध्ये दार लावून फोन लावून बघा. कपडे वाळत कुठे घालणार ते बघा. लाईटबिलाचा ग्राहक क्रमांक घ्या, महावितरणच्या ॲपवर थकबाकी दिसते. आम्हाला आवडलेल्या चौथ्या घराची तीन महिन्यांची थकबाकी अशीच सापडली, आणि विचारल्यावर मालकांचा सूरच बदलला. ते घर आम्ही सोडलं.

माझ्या आधारवर माहेरचं आडनाव आहे. त्यामुळे दोन ठिकाणी "लग्न झालंय ना नक्की?" असं विचारलं गेलं. विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवा, तो दाखवला की बोलणं पुढे सरकतं. लग्न न झालेल्या जोडप्यांना मी एवढंच सांगेन: दोन सज्ञान माणसांनी एकत्र भाड्यानं राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण मालक नाही म्हणू शकतो. खरं काय ते पहिल्याच फोनवर सांगा. खोटं सांगून मिळालेल्या घरात दर बेलला दचकायला होतं.

सोसायटीच्या ऑफिसमध्ये एक चक्कर मारा. टेम्पो कोणत्या वेळेत आणता येतो, पार्किंग फ्लॅटबरोबर आहे की वेगळं, एवढं विचारा. फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ते मालकानं भरायचं असतं. भाडं ठरवतानाच "मेंटेनन्ससकट" असा शब्द स्पष्ट करून घ्या.

खरं भाडं किती पडतं

शेवटी आयडियल कॉलनीजवळ जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके मिळाला. लिफ्ट नाही, म्हणून १९,०००. डिपॉझिट ६०,०००. एजंटला एक महिन्याचं भाडं, १९,०००. कराराच्या खर्चातला आमचा अर्धा वाटा १,५००. टेम्पो आणि दोन हमाल ४,५००. गादी, पडदे, शेगडी, जुना फ्रिज, ट्यूबलाईट, बादल्या धरून २२,०००. पहिल्या महिन्याच्या भाड्यासकट १,२६,०००. खात्यातले १,१७,००० आणि प्रसादच्या दिवाळीच्या बोनसमधले ९,०००.

आता हे असं बघा. डिपॉझिट परत येतं. सामान आपल्याकडे राहतं. पण एजंट, करार आणि टेम्पो यांचे २५,००० गेले ते गेले. अकरा महिन्यांवर पसरले तर दर महिन्याला सव्वादोन हजारांहून थोडे जास्त. म्हणजे पहिल्या करारात आमचं भाडं १९,००० नव्हतं, २१,३०० च्या आसपास होतं. दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्याला हे दरवेळी लागतं. म्हणून हजार रुपये कमी भाड्याचं पण वर्षभरात सोडावं लागेल असं घर महाग पडतं. मालकांना सरळ विचारा, "तुम्हाला पुढे स्वतःसाठी लागणार आहे का? मुलगा परत येणार आहे का?" आमच्या मालकीणबाईंनी सांगितलं, तीन वर्षं तरी नाही. हे मला बाल्कनीपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर शिक्षा मालकाला आहे, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. "नुसतं नोटरी करू, खर्च वाचेल" असं कोणी म्हणालं तर हे नम्रपणे सांगा. आणि खर्च असतो तरी किती? अकरा महिन्यांचं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमचं ५३६ रुपये निघालं. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी खर्च घरी येऊन अंगठा-फोटो घेणाऱ्याचा. त्यासाठी आधार, पॅन आणि दोन साक्षीदार तयार ठेवा.

करारात दोघांचीही नावं घाला. घर दोघांचं आहे, पत्त्याचा पुरावा दोघांना लागतो, आणि दोघंही भाडं भरत असाल तर आपापल्या हिश्श्यापुरता एचआरए, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसूट, दोघांनाही मागता येतो. अर्थात जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, नव्या प्रणालीत ही सूट नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ऑफिस मालकाचं पॅन मागतं, ते आधीच घेऊन ठेवा.

सही करण्याआधी चार ओळी शोधा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचं आहे. नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का. डिपॉझिट किल्ली दिल्याच्या दिवशी परत की नंतर. आणि रंगाचे पैसे कापणार का, किती. आमच्या पहिल्या मसुद्यात "योग्य ती रक्कम कापून" असं होतं. आम्ही "योग्य" काढून आकडा घालायला लावला. शेजारच्या मजल्यावरच्या जोडप्यानं असा आकडा घातला नव्हता, त्यांचे साठातले बावीस हजार परत आले नाहीत. किल्ली मिळाल्याच्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, सगळ्या घराचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा. मीटरचा फोटोसुद्धा. करार संपल्यावर घर रिकामं केलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं भरावं लागू शकतं, तेव्हा शेवटची तारीख कॅलेंडरवर दोन महिने आधी लिहून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकानं द्यायची असते, दिली का ते विचारून पावती मागा.

कधी थांबायचं

काही वेळा घर मनासारखं मिळूनही नाही म्हणावं. दोघांपैकी एकाची नोकरी अजून प्रोबेशनवर असेल. बदलीची चर्चा असेल आणि लॉक-इन सहा महिन्यांचं असेल. बाळ येणार असेल आणि मदतीला घरचंच माणूस लागणार असेल, तर मी म्हणेन ते वर्ष मोठ्या घरात काढा किंवा मोठ्या घराच्या अगदी शेजारी घर घ्या. हातउसने घेऊन डिपॉझिट भरावं लागत असेल तर नाहीच. आणि दोघांपैकी एकजण मनातून तयार नसेल तरीही नाही. हे शेवटचं ओळखायला सोपं आहे: तो किंवा ती प्रत्येक घरात फक्त खोट काढते. आमचा तिसऱ्या घरापर्यंत प्रसाद तसा होता. मी विचारलं तेव्हा कळलं, बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत त्याचं मनच लागत नव्हतं. म्हणून ते चार महिने.

आमचा दुसरा करार आता संपत आलाय. दीर इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेला, धनकवडीत आई-बाबा दोघंच आहेत आणि आईंचे गुडघे दुखतात. मागच्या रविवारी आम्ही पुन्हा दोन कागद घेतले. प्रसादनं लिहिलं, "आईकडे दहा मिनिटांत पोचता यावं." मी लिहिलं, "दार हवंच, पण स्वारगेटच्या मेट्रोजवळ." बिबवेवाडीत भाडं किती चाललंय ते विचारायला सुरुवात केलीय. कपाटातलं ते कार्ड पुन्हा बाहेर काढलंय, आणि एक तारखेपासून नवा आकडा त्या खात्यात जायला लागेल.